अडतंय ते काढ

मामांच्या घरी फ्रिज उघडण्याआधी पायांत चपला घालाव्या लागत. त्यासाठी रबरी चपलांचा एक जोड फ्रिजशेजारीच ठेवलेला असे. अनवाणी पायांनी दाराला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. नव्या पाहुण्याला कुणी आधी सांगत नसे. तो ओरडला की सगळे हसायचे, आणि मामा सगळ्यांत जोरात. करंट मारतो म्हणजे जिवंत आहे, असं ते म्हणायचे. उल्हासनगर कॅम्प चारमधलं ते दोन खोल्यांचं घर आमच्या सगळ्या गोतावळ्यात या फ्रिजमुळे प्रसिद्ध आहे.

पाहुणा एकदा ओरडून आपल्या घरी जायचा. मामी तो फ्रिज रोज उघडायची, दूध काढायला, दूध ठेवायला, भाजी काढायला, पीठ ठेवायला. यात हसण्यासारखं काय आहे, असं त्या घरात कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

मामांना सगळे वल्ली म्हणतात. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे असे शब्द मला पुस्तकातून नाही, घरातल्या बोलण्यातून कळले. ऐकून ऐकून मला जो अर्थ लागला तो असा: ज्याचा त्रास दुसऱ्याच कुणाला तरी होतो आणि ज्याच्या गोष्टी आपल्याला सांगता येतात, तो वल्ली.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. कॅम्प चारमध्येच एका शेठचा भरतकामाचा कारखाना होता. सुयांची रांग असलेलं लांबलचक मशीन, ड्रेसच्या गळ्यांवर आणि साडीच्या काठांवर नक्षी काढणारं. मामा ते मशीन सांभाळायचे. आई तिथे पंचिंग करायची, म्हणजे कागदावरची नक्षी कॉम्प्युटरवर टाक्या-टाक्याने बसवायची. सुई कुठून शिरेल, कुठे वळेल, दोरा कुठे तुटेल, हे सगळं ती ठरवायची. मग ते फ्लॉपीवर जायचं आणि फ्लॉपी मशीनच्या तोंडात. आई त्यांना दादा म्हणायची, ते आईला ताई. पुढे ती त्यांना राखी बांधायला लागली आणि ते माझे मामा झाले.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो. बोलता बोलता तो बाहेर येतो आणि समोरची वस्तू उघडली जाते. घड्याळ, मिक्सर, तुमच्या हातातला मोबाइल. कंपनीवाले घाबरट असतात, असं त्यांचं मत आहे. तीन स्क्रू पुरतात तिथे पाच लावतात. म्हणून मामांनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूतून काही ना काही उरतं. हे उरलेले स्क्रू, स्प्रिंगा आणि वायसर त्यांनी लोणच्याच्या एका मोठ्या बरणीत साठवले आहेत. घरी आलेल्याला ती बरणी दाखवतात. "हे सगळं जास्तीचं," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान असतो तो मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. मामी दर उन्हाळ्यात कैऱ्या आणल्या की ती बरणी मागते. दर उन्हाळ्यात तिला प्लॅस्टिकचा डबा मिळतो.

नवीन वस्तू घेणं त्यांना पटत नाही. एका मेलेल्या वस्तूचा चांगला भाग दुसऱ्या मेलेल्या वस्तूला बसवायचा आणि दोघांतून एक जिवंत करायची, हा त्यांचा धर्म. दाराची बेल म्हणजे स्कूटरचा हॉर्न. पंख्याला वॉशिंग मशीनचं बटण. आणि जोडताना काही बसेना झालं की एकच मंत्र: अडतंय ते काढ. ब्लेड, पक्कड, कानस, जे हाताला लागेल त्याने. आत शिरत नाही ना, मग जे मध्ये येतंय ते कापून टाक. ते का मध्ये येत असेल, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

मी आठवीत असताना त्यांनी मला कॉम्प्युटर दिला. अर्थातच जोडलेला. त्याच्या कीबोर्डवर एस हे अक्षर उमटत नव्हतं. मी भीत भीत सांगितलं तर म्हणाले, "एस नसलेले शब्द लिही ना, कॉन्व्हेंट. तुमच्या इंग्लिशमध्ये शब्द कमी आहेत का?" ते मला कधी नावाने हाक मारत नाहीत. कॉन्व्हेंट. मी सायन्सचा आख्खा प्रोजेक्ट एका जुन्या फाइलमधला एस उचलून एकेका जागी चिकटवत पुरा केला. ही गोष्टसुद्धा आमच्याकडे लग्नामुंजीत सांगितली जाते आणि लोक हसतात. बाबा तेव्हा नवा कीबोर्ड आणायला निघाले होते. आईने त्यांना थांबवलं. दादांना वाईट वाटेल, म्हणाली.

दादांना वाईट वाटेल. माझं सगळं लहानपण या तीन शब्दांच्या आत गेलं आहे.

आईचीही बाजू आहे, ती सांगायला हवी. आम्ही तेव्हा अंबरनाथला शिवमंदिराजवळ तळमजल्यावर राहायचो. एका पावसाळ्यात वालधुनीचं पाणी खोलीत शिरलं. बाबा शिफ्टवर होते. मामा कॅम्प चारवरून कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले. आधी मला वरच्या मजल्यावर पोहोचवलं, मग आईचं शिलाई मशीन डोक्यावर घेऊन जिना चढले. कुणाकडून कधी एक पैसा घेतला नाही त्यांनी. हे खोटं नाही. पण एका दिवसाचं पाणी आई आयुष्यभर फेडत राहिली, आणि तिच्याबरोबर मीही.

त्याच दिवसांत आई सुटीच्या दिवशी मंदिराच्या बाहेरच्या भिंतीसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसायची. मी शेजारी गृहपाठ करायची. दगडातल्या वेली, तळाशी हत्तींची रांग, साखळीसारखी एक पट्टी. दगड जिथे झिजला आहे तिथे ती थांबायची, बराच वेळ बघायची, आणि मग वेल स्वतःच्या मनाने पुरी करायची. एका हत्तीची सोंड दगडात उरलीच नव्हती. आईने त्याला सोंड दिली, आणि सोंडेत एक पान.

ही चित्रं तिने काम संपल्यावर कारखान्यातच थांबून पंच केली. शेठला ती नको होती. टाके फार, दोरा फार, गिऱ्हाईक एवढे पैसे देणार नाही. म्हणून ती मशीनवर कधी चढलीच नाहीत. पुढे कारखाना बंद झाला. शेठने मशीन विकलं, आईचे चित्रांचे कागद रद्दीत गेले आणि फ्लॉपींचा डबा तेवढा शेठने तिचा तिला देऊन टाकला. बंद पडलेला कॉम्प्युटर मामा घेऊन गेले.

आता आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये राहतो. आईचा उजवा हात थरथरतो. थांबणार नाही, फक्त हळू करता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरते. म्हणजे त्या डब्यात जे होतं ते तिच्या हातून पुन्हा होणार नव्हतं.

मी नोकरीत साठवलेल्या पैशांतून भरतकामाचं एक जुनं, एकाच सुईडोक्याचं मशीन घेतलं आणि हॉलमध्ये बसवलं. ते पेन ड्राइव्ह घेतं. आईचे काठ तिच्या नावाने, तिच्या डोळ्यांसमोर कापडावर उतरवायचे, एवढंच मला करायचं होतं. आईने ते कधी दोऱ्यात पाहिलेच नव्हते.

बाहेरून लावायची एक फ्लॉपी ड्राइव्ह मी ऑनलाइन मागवली. मामा फोनवर म्हणाले, ती खेळणी आहेत, त्या मशीनच्या फ्लॉपी तिला वाचता येणार नाहीत. आणि खरंच येईनात. मामांचं एखादं म्हणणं खरं ठरलं की फार महाग पडतं. त्यानंतर घरात दुसऱ्या कुणाला कुणी विचारत नाही.

तर एका रविवारी आई डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसली आणि आम्ही कॅम्प चारला गेलो.

मामांनी शेठच्या कॉम्प्युटरमधली ड्राइव्ह काढून ठेवली होती. ती चांगली आहे, फक्त तिचं घर मेलं आहे, असं त्यांनी सांगितलं. माळ्यावरून दुसरा एक कॉम्प्युटर काढला, ज्याला अशी ड्राइव्ह लावायची जागा होती. फ्लॉपी वाचणारा प्रोग्राम मी शोधून आणला होता, तो त्यावर चढवला. इथपर्यंत सगळं ठीक झालं. कधीकधी मला वाटतं, इथपर्यंत सगळं ठीक झालं हेच वाईट झालं.

ड्राइव्ह जोडायला एक रुंद, सपाट, राखाडी वायरची पट्टी असते. तिच्या टोकाच्या प्लगला मधोमध एक बारीक उंचवटा असतो. तो प्लग उलटा बसू नये म्हणून. मामा प्लग दाबत होते आणि तो आत जात नव्हता.

"च्यायला, हे काय मध्ये ठेवलंय," ते म्हणाले. खिशातून ब्लेड काढलं आणि तो उंचवटा तासून टाकला. "अडतंय ते काढ." प्लग बसला. बटण दाबलं. ड्राइव्हवरचा हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

"बघ ताई, डोळा उघडला," मामा म्हणाले. आईच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला बोलणं जड गेलं. पण मी बोलले. यायच्या आधी मी त्याबद्दल वाचलं होतं. तो दिवा ड्राइव्ह काम करत असेल तेवढाच लागतो. सतत लागून राहिला तर पट्टी उलटी आहे, आणि तशा ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घालायची नाही, ती पुसली जाते. हे मी त्यांना सांगितलं. माझा आवाज लहान आहे, हे खरं. पण पंखा बंद होता आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांना ऐकू गेलं.

"दिवा लागला की लोक खूश होतात, कॉन्व्हेंट," ते आईकडे बघत म्हणाले. "तू पहिली भेटलीस जिला तो विझायला हवाय."

आई हसली. मी पट्टीकडे हात नेला तर त्यांनी टेस्टरने माझ्या बोटांवर हलकेच मारलं. "हात लावू नको. शॉक लागेल." त्या घरात कुणाला आधीच सूचना मिळालेली मी पहिल्यांदा पाहिली.

आईने डब्यातून सगळ्यांत आधी हत्तींची फ्लॉपी काढली. तिला तेच आधी बघायचे होते. पदराने पुसून, थरथरत्या हाताने ती मामांना दिली. ड्राइव्हने ती घेतली. स्क्रीनवर काहीच आलं नाही. मामा म्हणाले, थंड आहे, गरम होऊ दे. आम्ही थांबलो. काही नाही. त्यांनी फ्लॉपी बाहेर काढून उलटसुलट बघितली आणि त्यांना कारण सापडलं.

फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक चिमुकली सरकती खिडकी असते. ती उघडी ठेवली की त्या फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही आणि तिच्यावरचं पुसलंही जात नाही. कारखान्यात कुणीतरी एकदा आईच्या कामावर दुसरंच काही लिहून टाकलं होतं. तेव्हापासून ती प्रत्येक फ्लॉपीची खिडकी आठवणीने उघडी ठेवायची. तिच्या कामाला तिने स्वतः लावलेलं कुलूप होतं ते. इतकी वर्षं टिकलेलं.

"ताई, कुलूप लावून ठेवलंय, मग वाचणार कसं?" मामा म्हणाले, आणि टेस्टरच्या टोकाने त्यांनी ती खिडकी सरकवून बंद केली.

"मामा, आता पुसलं जाईल," मी म्हणाले. या वेळी माझा आवाज लहान नव्हता.

आईने माझ्याकडे बघितलं. "करू दे त्यांना. दादांना वाईट वाटेल."

फ्लॉपी आत गेली. दिवा लागलेलाच होता. आत काहीतरी फिरल्याचा आवाज येत राहिला, एकसारखा, थांबत नव्हता. मग ती बाहेर आली आणि डाव्या हाताला ठेवली गेली. आईने दुसरी पुसली. मामांनी खिडकी सरकवली. आत, बाहेर, डाव्या हाताला. या फ्लॉपीला बुरशी आहे. ही जुन्या लॉटची. ही गरम होतेय, बघ, आता होईल. एकेक वेल, एकेक काठ. आईच तिच्या थरथरत्या हाताने पुरवत होती आणि तिला काही कळत नव्हतं, आणि ज्याला कळायला हवं होतं तो शीळ वाजवत होता.

मी डब्यावर हात ठेवला. हात काढ, आई हळूच म्हणाली. मी काढला नाही. मामांनी माझ्या हाताखालून डबा ओढून घेतला. "इंग्लिश शाळेत मोठ्यांवर भरवसा ठेवायला शिकवत नाहीत वाटतं," म्हणाले. तोंडावर हसू तसंच.

मग एकदम सगळं बंद झालं. दिवा, फिरणारा आवाज, स्वयंपाकघरातला फ्रिजचा घरघराट.

"लाइट गेली," मामा म्हणाले.

"गेली नाही," दारातून मामी म्हणाली. तिचे हात पिठाचे होते. मेन स्विचच्या खटक्यालाही पीठ लागलं होतं. "मी घालवली. पोरगी केव्हाची सांगतेय तुम्हाला."

मामा बघतच राहिले. त्या बाईला त्यांच्यासमोर एवढं बोलताना मीही कधी ऐकलं नव्हतं. ती परत आत गेली आणि मेन तसाच खाली राहिला. अंधुक खोलीत मी डावीकडचा ढीग आणि डबा दोन्ही उचलले. परतताना रिक्षात आई एवढंच म्हणाली की वहिनींनी असं करायला नको होतं.

त्याच आठवड्यात मामीचा फोन आला. हे भंगार बाजारात गेलेत, तू ये. मी डबा घेऊन गेले. कॉम्प्युटर तसाच उघडा पडला होता. त्या राखाडी पट्टीची एक कड लाल असते, कुठली बाजू कुठे ते कळावं म्हणून. मी प्लग काढला, फिरवला, बसवला. या कामाला मला पाणी प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. बटण दाबल्यावर ड्राइव्ह एकदा घुर्रकन वाजली, दिवा क्षणभर लागला आणि गेला.

मामी खुर्चीच्या मागून वाकून बघत होती. "विझला ग."

"विझायलाच हवा, मामी."

ड्राइव्ह चांगलीच होती. ते मामांचं म्हणणंही खरं होतं. डब्यात उरलेल्या फ्लॉपी, ज्यांच्या खिडक्या अजून उघड्या होत्या, तिने एकेक करून वाचल्या. गळे, बुट्ट्या, लहान मुलींच्या फ्रॉकवरची बदकं. शेठच्या ऑर्डरी. त्यांच्यात मंदिराचा एकच काठ होता, बोटभर रुंदीची वेल, डब्यात खाली राहिलेली. मग मी डावीकडच्या ढिगातल्या लावल्या. ही फ्लॉपी अजून तयार केलेली नाही, तयार करू का, असं कॉम्प्युटर प्रत्येक वेळी विचारत होता. जणू त्यांच्यावर कधी काही नव्हतंच. मी प्रत्येक वेळी नाही म्हटलं.

"आणि हत्ती?" मामीने विचारलं. तिला त्यांच्याबद्दल माहीत होतं हे मला माहीत नव्हतं.

मी मान हलवली. ती माझ्यासाठी दूध काढायला चपला घालून फ्रिजकडे गेली.

पुसलेल्या फ्लॉपी मी, पुसलेलं परत काढून देतात अशा दोन ठिकाणी दाखवल्या. नाही म्हणाले. मग मंदिरात गेले, फोटो काढून आणले, आईसमोर ठेवले. दगड आणखी झिजलाय. सोंडेच्या जागी नुसती खरबरीत भिंत आहे. तू काय काढलं होतंस, मी विचारलं. आईने हवेत बोट फिरवलं. असं, मग असं. बोट थरथरत कुठल्या कुठे गेलं. तिने पुन्हा करून पाहिलं. मग हात मांडीत घेतला.

"हाताला माहीत होतं ग," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "दादांनी केलं बिचाऱ्यांनी जमेल तेवढं."

मी उठून बाल्कनीत गेले. तिथे मी बराच वेळ कपडे वाळत घातले, जे आधीच वाळत घातलेले होते.

राखीला मामा-मामी कात्रपला आले. हॉलमध्ये मावशी, तिची माणसं, बाबा, सगळे होते. आईला राखी बांधायला वेळ लागला. गाठ सुटत होती. मामा म्हणाले, फेविक्विक आणू का, आणि सगळे हसले, आईसुद्धा. मग जेवणं झाल्यावर त्यांनी गोष्ट सांगायला घेतली. मला माहीतच होतं ती येणार.

ते छान सांगतात. कुणाची नक्कल कुठे करायची, कुठे थांबायचं, त्यांना बरोबर कळतं. माझा बारीक आवाज काढून "मामा, पुसलं जाईल" म्हणाले. मामी पिठाचे हात कमरेवर ठेवून दारात उभी राहते तसं उभं राहून दाखवलं. मावशी डोळे पुसत होती. "आणि शेवटी काय? परवा लावून बघितली तर माझीच ड्राइव्ह फर्स्ट क्लास चालतेय. म्हटलं नव्हतं, गरम व्हायला वेळ लागतो? पण हिला घाई. हिने मेनच पाडला." बाबा म्हणाले, वल्ली आहात तुम्ही. मामी खाली बघून हातातली साडीची निरी सारखी करत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मग मामा उठून माझ्या मशीनकडे गेले. बोलता बोलता टेस्टर बाहेर आलाच. त्या मशीनच्या सुईपुढे एक प्लॅस्टिकची पट्टी आहे, बोट सुईखाली जाऊ नये म्हणून. मशीनवर बोटभर वेलीचा काठ चढवलेला होता, अर्धा झालेला. मामांनी वाकून ती पट्टी टेस्टरने हलवून बघितली.

"हे काय मध्ये अडतंय?"

मी त्यांच्यात आणि मशीनमध्ये जाऊन उभी राहिले. "हात लावू नका, मामा."

"कॉन्व्हेंटला कंठ फुटला," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. पुन्हा सगळे हसले. मी ते हसणं संपायची वाट पाहिली.

"हत्ती गेले, मामा. वेली गेल्या. ड्राइव्ह थंड नव्हती, पट्टी उलटी होती. मी तुम्हाला सांगितलं होतं आणि तुम्ही ऐकलं होतं. आईने कुलूप लावलं होतं, ते तुम्ही काढलंत. तिला ते आता परत काढता येत नाहीत. ही गोष्ट सांगायची असेल तर एवढी पण सांगा."

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, तिथेच अडकून राहिलं, काय करावं ते न कळल्यासारखं.

आईने माझा हात धरला. तिचा हात माझ्या हातात थरथरत होता. "पुरे ग," ती म्हणाली. "दादांना वाईट वाटेल."

"वाटू दे," मी म्हणाले.

तिने माझा हात सोडला नाही. घट्टही धरला नाही.

मामांनी टेस्टर खिशात ठेवला, खुर्चीवर येऊन बसले आणि कुणाकडे न बघता पाणी मागितलं. मामी उठली. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ती आमच्या फ्रिजसमोर उभी होती आणि खाली जमिनीवर काहीतरी शोधत होती. मग ती दारापाशी गेली, स्वतःच्या चपला घालून परत आली.

"मामी, आमचा फ्रिज करंट मारत नाही."

"माहीत आहे ग," ती म्हणाली. पण चपला काढल्या नाहीत, आणि हातही पुढे केला नाही.

मी अनवाणी होते. मी फ्रिजच्या दारावर पंजा सपाट ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिले. ती माझ्या पायांकडे बघत राहिली. बाहेर मावशीने मामांना खुलवायला ती बरणीची गोष्ट काढली होती आणि एकेक जण पुन्हा हसायला लागला होता.

मामीने एक चप्पल काढली. एकच. दुसरी तशीच पायात ठेवून तिने दार उघडलं आणि पाण्याची बाटली बाहेर काढली.